शंभर टक्के राउटिंग झालं, पण वीस किलोवर काटा चाळीस ग्रॅम खातोय

गोठा_ते_गर्बर · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, इथले इलेक्ट्रॉनिक्सचे धागे दोन वर्षं नुसते वाचतोय. लिहायला आज पहिल्यांदाच बसलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

फलटणजवळ आमचा आणि चुलत्यांचा मिळून गोठा आहे. दूध एका टाकीत जमा होतं, तिथून छोट्या पंपाने कॅन भरतो. कॅनमध्ये ठरलेलं वजन पडलं की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून एक काटा बनवतोय. (विक्रीचं माप डेअरीच्याच काट्यावर होतं. वैधमापनवाल्यांचा शिक्का वगैरे मला माहीत आहे, हे फक्त घरच्या हिशेबाला.) ५० किलोचा लोडसेल (वजनाचा सेन्सर), त्याचा बारीक सिग्नल वाचणारी एचएक्स ७११ चिप, ईएसपी ३२ कंट्रोलर मॉड्यूल, पंपासाठी ५ व्होल्टचा निळा रिले (विजेवर चालणारा स्विच). १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्यातून बकने (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ५ व्होल्ट.

ब्रेडबोर्डवर सगळं झकास चाललं. मग किकॅडमध्ये (बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) दोन लेयरचा बोर्ड केला. कंपोनंट जिथे बसले तिथे ठेवले आणि राउटिंग, म्हणजे तांब्याचे ट्रॅक आखायचं काम, फ्रीराउटिंग या ऑटोराउटरवर सोडलं. चहा होईपर्यंत सगळी कनेक्शन्स पूर्ण! एकही नेट (एकमेकांना जोडायच्या पिनांचा गट) उरली नाही. डीआरसीला (नियमांची आपोआप तपासणी) शून्य एरर. पाच बोर्ड मागवले, आले, सोल्डर केले.

आता गंमत बघा. ताटावर १० किलोची दोन प्रमाण वजनं ठेवली की २०.००० दाखवतो. रिले लावला की १९.९६०. रिले काढला की परत २०.०००. पंप रिले चालू असतानाच चालतो, म्हणजे दर कॅनमागे चाळीस ग्रॅम दूध जास्त पडणार. लोंबकळणाऱ्या ब्रेडबोर्डच्या वायरींवर हा प्रॉब्लेम नव्हता, पैसे देऊन केलेल्या बोर्डवर आहे. कोड तोच आहे, एक ओळ बदललेली नाही.

ऑटोराउटर वापरू नका असं सगळीकडे वाचलं होतं, पण का ते कोणी नीट सांगत नाही. त्याचाच हा प्रताप आहे का?

दोन्ही लेयरचे फोटो जोडलेत.

---

पाच_व्होल्ट · रविवार, रात्री १०:०५

रिले लागला की ५ व्होल्टची लाइन बसत असणार. अडॅप्टर लोकल आहे का? १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, विषय संपला.

---

सोल्डरचा_धूर · रविवार, रात्री १०:११

कॉइलला उलटा डायोड लावलायस ना? नसेल तर तेच.

---

गोठा_ते_गर्बर · रविवार, रात्री १०:५०

@सोल्डरचा_धूर डायोड आहे.

@पाच_व्होल्ट मोजलं. रिले बंद असताना ४.९८, चालू असताना ४.९६. एचएक्स ७११ च्या एव्हीडीडी पिनेवर (लोडसेलला पुरवठा इथूनच जातो) दोन्ही वेळा ४.२९, जागचं हलत नाही. तरी कपॅसिटर लावून पाहिला. फरक शून्य.

---

शून्यपातळी · रविवार, रात्री ११:२०

डायोड नसता तर रीडिंगने क्षणभर उडी मारली असती आणि जागेवर आलं असतं. तुझं रीडिंग खाली जाऊन तिथेच बसतंय, म्हणजे हा कुठल्यातरी डीसी व्होल्टेजचा खेळ आहे.

एक प्रयोग कर. ताट रिकामं ठेवून रिले लाव, किती सरकतं ते लिही. मग १० किलोवर. मग २० वर. तिन्ही आकडे इथे दे. फोटो उद्या डेस्कटॉपवर बघतो, मोबाइलवर ट्रॅक दिसत नाहीत.

---

गोठा_ते_गर्बर · सोमवार, सकाळी ६:३०

धारा काढून झाल्या, लगेच केलं.
रिकामं ताट: काहीच सरकत नाही.
१० किलो: २० ग्रॅम कमी.
२० किलो: ४० ग्रॅम कमी.

---

मीटरतोडे · सोमवार, सकाळी ८:१५

थांबा थांबा थांबा. ग्रॅमचं राहू द्या बाजूला. खालच्या लेयरच्या फोटोत रिले बघितला का कोणी?

या निळ्या रिलेत कॉमनची पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मध्ये असते. ऑटोराउटरने डायोडचा ट्रॅक कॉइलच्या एका पिनेवरून दुसऱ्या बाजूला नेलाय तो कॉमनच्या पॅडला चाटून! कॉमनवर पंपाचा २३० व्होल्टचा फेज येणार ना? मध्ये अंतर किती ठेवलंयस?

पंप जोडला असेल तर आधी प्लग काढ, मग उत्तर दे.

---

गोठा_ते_गर्बर · सोमवार, सकाळी ८:४०

काढला. हात थरथरतोय थोडा. काल रात्री पंप लावून दोन मिनिटं चालवला होता, आणि लॅपटॉप यूएसबीने जोडलेला होता.

अंतर ०.२ मिमी. सगळ्या नेटला तेच होतं, डिफॉल्ट क्लास (न बदललेला नियमांचा गट). डीआरसी काहीच बोललं नाही हो.

---

मीटरतोडे · सोमवार, सकाळी ८:५५

डीआरसी काय बोलणार? तूच त्याला सांगितलंस की ०.२ चालेल, त्याने ०.२ आहे का ते तपासलं. २३० व्होल्ट म्हणजे काय हे ना राउटरला माहीत ना डीआरसीला. त्यांच्या दृष्टीने ती "नेट-१७" असते.

मेन्स आणि कमी व्होल्टेजच्या भागात मी ६ मिमीच्या खाली उतरत नाही, जमलं तर ८. या रिलेत पिनाच जवळ आहेत, त्यामुळे कॉमनच्या भोवती बोर्डला खाच मारावी लागते. त्यापेक्षा कॉइल एका टोकाला आणि कॉन्टॅक्ट दुसऱ्या टोकाला असलेला रिले घे, थोडा महाग पडतो पण झोप लागते. मेन्सच्या नेटचा वेगळा क्लास कर, त्याला क्लिअरन्स दे, आणि ते ट्रॅक स्वतःच्या हाताने काढ. तेवढ्यापुरता कुठलाही राउटर मी बोर्डाजवळ फिरकू देत नाही.

हे पाचही बोर्ड पंपाला लावायचे नाहीत. वजनाची टेस्टिंग पंपाशिवाय कर.

---

पाच_व्होल्ट · सोमवार, सकाळी ९:१०

बापरे. कपॅसिटरचं मागे घेतो.

---

शून्यपातळी · सोमवार, दुपारी १:३०

मीटरतोडे, शाब्बास. मी ग्राउंड शोधत बसलो होतो, रिलेकडे लक्षच गेलं नाही.

आता ग्रॅमचं. तुझे तीन आकडे फार छान आहेत. रिकाम्यावर शून्य, दहावर वीस, वीसवर चाळीस, म्हणजे वजनाच्या ०.२ टक्के. शून्य हलत नाही, माप बदलतंय. लोडसेलमध्ये माप बदलायला एकच गोष्ट पुरते: त्याला मिळणारं एक्सायटेशन (पुरवठ्याचं व्होल्टेज) बदलणं. पण एव्हीडीडी तर ४.२९ वर खिळलेलं आहे. मग उरली खालची बाजू.

फोटोत बघ. लोडसेलच्या कनेक्टरचं ई-मायनस (पुरवठ्याचं ऋण टोक) पॅड राउटरने कुठे जोडलंय? सगळ्यांत जवळचं ग्राउंड पॅड शोधलं, ते निघालं रिलेच्या ट्रान्झिस्टरचं एमिटर. तिथून एकच ०.२५ मिमीचा ट्रॅक वळसे घेत बकच्या ग्राउंडला गेलाय, मला तो अंदाजे ६० मिमी लांब दिसतो. एचएक्स ७११ चं एजीएनडी (मोजमापाचं ग्राउंड) मात्र दुसऱ्या वाटेने बकला मिळालंय. कॉपर पोअर (मोकळ्या जागेत पसरलेलं ग्राउंडचं तांबं) तू टाकलेलाच नाहीस.

हिशेब मांडू. नेहमीचं तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. त्याचा रेझिस्टन्स दर चौकोनाला (रुंदीएवढ्याच लांबीचा तुकडा) साधारण अर्धा मिलीओहम. ६० मिमी लांब, ०.२५ रुंद म्हणजे २४० चौकोन, म्हणजे १२० मिलीओहम. तुझ्या रिलेची कॉइल ७० ओहमची असेल तर करंट ७१ मिलीअँपिअर. गुणाकार केला की साडेआठ मिलीव्होल्ट. रिले लागला की ई-मायनस एजीएनडीपेक्षा इतकं वर उचललं जातं. लोडसेलला ४.२९ व्होल्टऐवजी साडेआठ मिलीव्होल्ट कमी मिळतात आणि चिप मात्र पूर्ण ४.२९ धरून भागाकार करते. ८.५ भागिले ४२९० बरोबर ०.२ टक्के. वीस किलोवर चाळीस ग्रॅम.

तुझ्या भाषेत सांगायचं तर ई-मायनस आणि रिले एकाच पाटावर आहेत. शेजाऱ्याने मोटार सोडली की पाटाची पातळी चढते, आणि तू त्याच पातळीवरून आपल्या वाफ्याची खोली मोजतोयस.

ब्रेडबोर्डवर हे का नव्हतं? कारण तिथे एचएक्स ७११ चं तयार मॉड्यूल होतं. लोडसेलच्या चारही तारा मॉड्यूललाच जोडल्या होत्यास, म्हणजे ई-मायनस आणि एजीएनडी मॉड्यूलवरच एकमेकांना चिकटलेले. ते शहाणपण मॉड्यूल बनवणाऱ्याचं. स्किमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) तू दोन्हीला जीएनडी असं एकच नाव दिलंस, तिथेच ते हरवलं.

खात्री करायची तर मल्टिमीटर २०० मिलीव्होल्टवर ठेव, ई-मायनस आणि एजीएनडी यांच्यात मोज. रिले बंद आणि चालू.

---

गोठा_ते_गर्बर · सोमवार, रात्री ८:२०

बंद: १.५. चालू: ९.९.

अंगावर काटा आला. घरच्यांना दाखवलं, त्यांना काही कळलं नाही.

बंद असतानाही १.५ का येतंय?

---

शून्यपातळी · सोमवार, रात्री ८:३५

लोडसेलचा स्वतःचा करंट. ३५० ओहमचा ब्रिज, ४.२९ व्होल्ट, १२ मिलीअँपिअर. त्याच १२० मिलीओहममधून. तो कायमचाच असल्यामुळे कॅलिब्रेशनमध्ये जिरून गेला. रिले कायम चालू असता तर तोही जिरला असता आणि तुला कधीच कळलं नसतं.

---

कुतूहल_नाशिक · सोमवार, रात्री ९:००

मस्त धागा. मी सेकंड इयरला आहे, प्रश्न बाळबोध वाटेल. मग यात ऑटोराउटर चुकला का? त्याने सगळं जोडलं ना? आणि त्याला "ही वायर वेगळी ने" असं सांगता येत नाही का?

---

वेफर_चिवडा · सोमवार, रात्री १०:३०

बाळबोध अजिबात नाही. मी याच धंद्यात आहे, चिपच्या बाजूने. सांगते.

राउटरच्या हातात दोन गोष्टी येतात. एक, कुठले पॅड एकाच नेटमध्ये आहेत ती यादी. दोन, नियम: ट्रॅकची रुंदी, अंतर, व्हायाचा (एका लेयरवरून दुसऱ्यावर नेणारं छिद्र) आकार. यापलीकडे त्याला तुमच्या सर्किटची गंधवार्ता नसते. यादीत "जीएनडी" खाली तीस पॅड आहेत. ते तीस पॅड कमीत कमी तांब्यात, कमीत कमी व्हाया मारून एकत्र आणायचे एवढंच त्याचं काम. कुठल्या पॅडमधून किती करंट जातो, कुठला पॅड मोजमापाचा आहे आणि कुठला मोटारीचा, हे त्या यादीत लिहायला रकानाच नाही. तुम्ही स्किमॅटिक काढताना डोक्यात जे धरता त्यातलं निम्मंअधिक कागदावर उतरतच नाही.

आत कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. मूळ पद्धत १९६१ सालची, ली यांची. बोर्डवर बारीक चौकटी आखल्या आहेत असं समजा. सुरुवातीच्या पॅडशेजारच्या सगळ्या मोकळ्या चौकटींत १ लिहायचं, त्यांच्या शेजारी २, त्यांच्या शेजारी ३. तळ्यात खडा टाकल्यावर जशी लाट पसरते तसे आकडे पसरतात. लाट दुसऱ्या पॅडला लागली की आकडे उलट मोजत परत यायचं, झाला रस्ता. रस्ता असेल तर तो सापडतोच, आणि सगळ्यांत जवळचाच सापडतो. ही पक्की हमी आहे.

पण हमी एका तारेपुरती. पहिली तार काढली की ती दुसरीसाठी भिंत होते. दुसरी तिसरीसाठी. कुठली तार आधी काढली यावर सगळं अवलंबून, आणि सगळ्या क्रमांमधून उत्तम क्रम हुडकणं कुठल्याही कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून पुढचे राउटर आधी काढलेल्या तारा उपटतात, पुन्हा लावतात, प्रत्येक गोष्टीला किंमत लावतात: लांबीला इतकी, व्हायाला इतकी, वरच्या लेयरवर उभं गेलं तर जादा इतकी. कधीकधी आज चालवलं तर ९६ टक्के, एक कंपोनंट जरासा सरकवून चालवलं तर १००.

वर आडवं आणि खाली उभं, ही सवय तर दोन लेयरच्या बोर्डची वाट लावते. खालचा लेयर उभ्या तारांनी चिरला जातो. नंतर पोअर टाकलात तरी ग्राउंडच्या फाटक्या पट्ट्या राहतात. जलद सिग्नलचा परतीचा करंट ट्रॅकच्या बरोबर खालून ग्राउंडमधून जाऊ बघतो, तिथे चीर आली की तो वळसा घालतो, आणि तो वळसा म्हणजे छानपैकी अँटेना. राउटरच्या लेखी परतीचा प्रवास हा प्रकारच नाही. त्याने जायची वाट काढली, काम झालं.

"वेगळी ने" असं सांगता येतं. किकॅडमध्ये नेट-टाय नावाची सोय आहे: ई-मायनसला वेगळं नेट द्यायचं आणि एजीएनडीपाशी एकाच जागी जोडायचं. पण ते सांगायचं कोणाला सुचतं? ज्याला आधीच माहीत आहे की इथे घोळ होणार. आणि ज्याला माहीत आहे तो ती १० मिमीची तार हाताने काढून मोकळा होतो.

---

मायलरचे_काका · मंगळवार, सकाळी ७:१०

वाचून जुने दिवस आठवले. ८० च्या दशकात मी भोसरीत लेआउटला होतो. मायलरच्या पारदर्शक शीटवर दुप्पट आकारात काळ्या क्रेप टेपने ट्रॅक चिकटवायचे. डबल साइड असला की एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी टेप, मग कॅमेऱ्याला फिल्टर लावून दोन निगेटिव्ह वेगळ्या काढायच्या. उन्हाळ्यात टेप सरकायची. संध्याकाळी नीट ठेवलेला आयसीचा ट्रॅक सकाळी शेजारच्या पिनेला भिडलेला. ब्लेडने काढा, परत लावा.

पुढे पीसी आले तेव्हा साहेबांनी हौसेने ऑटोराउटर घेतला. संध्याकाळी सुरू करून घरी जायचं, "कोणीही मशीनला हात लावू नये" अशी चिठ्ठी. सकाळी स्क्रीनवर ९२ टक्के. सगळे खूश! उरलेले आठ टक्के काढायला मला बसवलं. अहो, ते आठ टक्केच तर अवघड होते. सोप्या तारा त्याने आधी काढून सगळ्या वाटा अडवून ठेवल्या होत्या. शेवटी त्याचं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून हाताने केलं. साहेबांना सांगितलं, "थोडं टच-अप केलं."

टेपच्या काळात एक शिस्त होती. एक ट्रॅक उपटायचा म्हणजे अर्धा तास, त्यामुळे कंपोनंट ठेवण्यातच दोन दिवस घालवायचो. कागदाचे तुकडे कापून टेबलावर मांडायचे, फिरवायचे, कमीत कमी तारा एकमेकींना छेदतील असं बसवायचं. ते नीट झालं की ट्रॅक आपोआप पडत जातात. आमच्या या मित्राने लिहिलंय "कंपोनंट जिथे बसले तिथे ठेवले". बाळा, खोड तिथे आहे. लोडसेलचा कनेक्टर रिलेशेजारी गेला तो राउटरने नेला नाही.

---

गोठा_ते_गर्बर · मंगळवार, सकाळी ७:४५

काका, मान्य. दोन्ही कनेक्टर एका बाजूला दिसायला चांगले दिसत होते म्हणून ठेवले.

---

निगेटिव्ह_फीडबॅक · मंगळवार, दुपारी १२:१५

सगळे राउटरलाच झोडताय, तर त्याच्या बाजूने चार शब्द.

आमच्याकडे टेस्ट फिक्श्चरचे बोर्ड असतात. एका कनेक्टरवरून दुसऱ्या कनेक्टरवर तीनशे-चारशे तारा, सगळ्या संथ, डिजिटल. ते हाताने करत बसलो तर घरी कधी जायचं? पॉवर आणि ग्राउंड आधी हाताने, दोनचार नाजूक तारा हाताने, त्यांना लॉक करायचं, मग उरलेलं राउटरला सोडायचं. तासाभरात बोर्ड तयार. चौदा वर्षांत असा एकही बोर्ड राउटिंगमुळे परत आलेला नाही.

दुसरा उपयोग म्हणजे प्लेसमेंटची परीक्षा. कंपोनंट मांडले की राउटर पाच मिनिटं नुसता चालवायचा. ७० टक्क्यांवर अडखळला, किंवा एका कोपऱ्यात व्हायांचा रवा सांडला, तर तिथे मांडणी बदलायची. निकाल फेकून द्यायचा.

आता मर्यादेचं खरं सांगतो. महागड्या टूलमध्ये नियम खूप तपशिलात देता येतात. डीडीआर मेमरीच्या तारांच्या लांब्या, डिफरन्शिअल जोड्या, कुठल्या नेटने कुठल्या भागात शिरायचं नाही, सगळं. पण एका बोर्डचे नियम भरायला मला दोन दिवस लागले आणि राउटर चालला चाळीस मिनिटं. शंभर बोर्ड तसेच करायचे असतील तर ते दोन दिवस वसूल होतात. एका काट्यासाठी नाही.

जाता जाता: तू जी डीएसएन फाइल एक्सपोर्ट करून फ्रीराउटिंगला दिलीस, तो फॉरमॅट स्पेक्ट्रा नावाच्या ऑटोराउटरचा. कूपर अँड च्यान या कंपनीचा, तिला १९९७ मध्ये केडन्सने विकत घेतलं. राउटर बदलले, पिढ्या बदलल्या, फाइल तीच चाललीय.

---

कुतूहल_नाशिक · मंगळवार, दुपारी ३:४०

@वेफर_चिवडा ताई, एक शंका. चिपमध्ये तर लाखो-करोडो तारा सॉफ्टवेअरच जोडतं ना? तिथे चालतं आणि माझ्या साठ तारांच्या बोर्डवर चालत नाही, हे कसं?

---

वेफर_चिवडा · मंगळवार, रात्री ११:०५

याच प्रश्नाची वाट बघत होते. :)

चिपमध्ये डिजिटल भागातली प्रत्येक वीट आधी मोजूनमापून ठेवलेली असते. सगळ्या सेल एकाच उंचीच्या, ओळीत बसणाऱ्या. प्रत्येकीला किती वेळ लागतो, ती किती करंट खाते, याची लायब्ररी असते. पॉवर आणि ग्राउंडची जाळी आधीच अंथरलेली, राउटर तिला हातही लावत नाही. धातूचे थर दहाच्या वर असू शकतात. म्हणजे जे ज्ञान तुझ्या डोक्यात असतं ते तिथे लोकांनी वर्षानुवर्षं खपून फाइलींमध्ये उतरवून ठेवलंय. म्हणून मशीनला जमतं.

बोर्डवर काय? एकीकडे पंपाचा रिले, शेजारी मायक्रोव्होल्ट मोजणारी चिप, तिसऱ्या कोपऱ्यात वायफाय, लेयर दोन. प्रत्येक पार्ट वेगळ्या कंपनीचा, आणि त्याची पथ्यं डेटाशीटच्या विसाव्या पानावर इंग्रजी परिच्छेदात.

आणि चिपमधला अ‍ॅनालॉग भाग? तो आमच्याकडेही बहुतेक हातानेच होतो. त्या टीमचे लोक आमच्याकडे जरा तुच्छतेने बघतात.

---

सोल्डरचा_धूर · बुधवार, सकाळी १०:२०

माझाही एक पापाचा घडा. बकचा बोर्ड ऑटोराउट केला होता. फीडबॅकचा ट्रॅक आउटपुटवरून निघून बरोब्बर इंडक्टरच्या पोटाखालून नेला पठ्ठ्याने, कारण तोच जवळचा रस्ता. आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीला जोडला दोन व्हाया मारून, बोर्डला प्रदक्षिणा घालून. नेटच्या हिशेबाने जोडलेला! आउटपुट ५ व्होल्टवर असा लहरत होता की शेजारी ठेवलेला एफएम रेडिओ बंद पडला.

यूएसबीच्या दोन तारांपैकी एक वरून सरळ, दुसरी चार व्हाया मारत खालून. फुल स्पीड होतं, १२ मेगाबिट, त्यामुळे चाललं. त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण पुढे दोन वर्षं मी तसंच करत राहिलो.

---

पाच_व्होल्ट · बुधवार, दुपारी १:००

हे सगळं आता एआय करेल की. कशाला हाताने शिकायचं?

---

मीटरतोडे · बुधवार, दुपारी १:२०

करेल तेव्हा करेल. त्यालाही पंप २३० चा आहे हे कोणीतरी सांगावं लागेलच. इथे डिफॉल्ट क्लास बदलायला कोणी तयार नव्हतं.

---

गोठा_ते_गर्बर · रविवार, दुपारी ४:१५

आठवड्याचा हिशेब देतो.

जुना बोर्ड: शून्यपातळी यांच्या सांगण्यावरून ई-मायनसचा ट्रॅक ब्लेडने कापला आणि जाड वायरने थेट एजीएनडीच्या पिनेपाशी जोडला. पंप न जोडता नुसता रिले लावून-काढून पाहिला. २० किलोवर आता शेवटच्या आकड्यात दोनतीन ग्रॅमची नेहमीची चुळबूळ, बाकी काही नाही. पाच इंची वायरने काम झालं. घरी म्हणे, "मग आधीच वायर लावायची होतीस की."

नवा बोर्ड: काकांचं ऐकून राउटिंगला हातच लावला नाही, आधी कागदाचे तुकडे कापले. खरंच कापले, मुलीच्या क्राफ्टच्या कात्रीने. लोडसेल आणि एचएक्स ७११ एका कोपऱ्यात, त्यांचं ग्राउंड आपसात जोडून मगच बाकीच्यांना एका जागी. रिले विरुद्ध टोकाला, कॉइल आणि कॉन्टॅक्टच्या पिना एकमेकींपासून लांब असलेला. मेन्सचा वेगळा क्लास, ८ मिमी. खालचा लेयर जवळजवळ पूर्ण ग्राउंड, त्यावर फक्त तीन छोटे ट्रॅक. किकॅडचा ढकलाढकलीवाला राउटर हाताशी घेऊन तीन संध्याकाळी गेल्या. एक ट्रॅक ओढला की बाकीचे बाजूला सरकतात ते बघायला मजा येते. डिस्प्लेच्या आठ तारा शेवटी फ्रीराउटिंगला दिल्या, @निगेटिव्ह_फीडबॅक यांच्या मानासाठी. त्याने त्या बऱ्या काढल्या.

पण एक गोष्ट लक्षात आली. राउटिंग करताना माझे दोन पार्ट चुकीच्या बाजूला आहेत हे हाताने तार ओढतानाच कळलं. एकीकडे तार जाईना, म्हणून फिरवून पाहिलं, तर कनेक्टरच्या पिनांचा क्रमच उलटा घेतला होता स्किमॅटिकमध्ये. राउटरने तो उलटा क्रमसुद्धा बिनतक्रार जोडला असता.

फाइल पाठवायच्या आधी कोणी नजर टाकेल का? फोटो जोडलेत.

---

मीटरतोडे · रविवार, संध्याकाळी ५:३०

मेन्सची बाजू ठीक. पण पंपाच्या टर्मिनलजवळचा माउंटिंग होल बघ. स्क्रूचं डोकं आणि वॉशर बसल्यावर धातू फेजच्या पॅडपासून दोन मिमीवर येतोय, आणि स्क्रू लोखंडी पेटीला लागणार. होल सरकव किंवा नायलॉनचा स्क्रू लाव. सरकवच.

---

गोठा_ते_गर्बर · रविवार, संध्याकाळी ५:५०

सरकवला. ट्रॅकभोवती ८ मिमी बघत बसलो आणि स्क्रू डोक्यातच आला नाही.

ते जुने पाच बोर्ड काय करू? टाकवत नाहीत.

---

मायलरचे_काका · रविवार, रात्री ८:००

रिलेच्या जागी कॉइलच्या दोन पिनांवर सत्तर ओहमचा रेझिस्टर लाव, मेन्सचं काही लावू नकोस. एक मला पाठव, एक त्या नाशिकच्या पोराला. मिलीव्होल्टवर मीटर ठेवून बसूदे त्याला. टपालखर्च माझ्याकडे.

---

कुतूहल_नाशिक · रविवार, रात्री ८:०४

पत्ता व्यनि केलाय काका!! लोडसेल माझ्याकडे आहे, फक्त १० किलोचाच आहे.